अननसाचा क्रम्बल: उकाड्यातही वर कुरकुरीत, खाली घट्ट

क्रम्बल म्हणजे खाली फळ, वर मैदा-लोणी-साखरेचा भुसभुशीत थर, आणि मग ओव्हन. यात बिघडण्यासारखं काय आहे, असं वाटतं. तरी बिघडतो, आणि बहुतेक वेळा याच तीन तऱ्हांनी. तळाशी रसाचं तळं साचतं आणि फळ त्यात पोहतं. वरच्या थराची खालची बाजू कच्च्या पिठासारखी चिकट राहते. नाहीतर वरून काळा पडतो आणि मध्ये चमचा घातला तर आत नुसता कोमट.

दोष करणाऱ्याच्या हाताचा फार थोडा. बहुतेक पाककृती सफरचंद समोर ठेवून लिहिलेल्या असतात, आणि त्याही अशा थंड देशांसाठी, जिथे लोणी ओट्यावर तासभर ठेवलं तरी घट्ट राहतं. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला पूर्ण वितळतं आणि मऊ पडायला त्याच्या कितीतरी आधी लागतं. एप्रिल-मेमध्ये गोव्यात, फोंड्याच्या किंवा मडगावच्या स्वयंपाकघरात शेजारी गॅस चालू असेल, तर दुपारी एवढी उष्णता सहज असते. त्यात आपलं फळ अननस. चिरून साखर लावली की त्याला लगेच पाणी सुटतं.

म्हणून इथे दोन गोष्टी सांभाळायच्या: लोणी गार राहिलं पाहिजे आणि फळाचं पाणी भांड्यात जाण्याआधीच निघालं पाहिजे. पुढचा सगळा क्रम एवढ्यासाठीच आहे. पाककृतीत फळ आधी छापलेलं असतं, म्हणून आपण फळ आधी चिरतो, मग थर करायला घेतो, आणि तोवर फळ रसात बुडालेलं असतं. इथे उलट करायचं. थर आधी, तो फ्रीझरमध्ये; फळ नंतर; आणि दोघांची गाठ ओव्हन तापल्यावर, अगदी शेवटी.

## लागणारं साहित्य

२० सेंटिमीटरच्या चौकोनी, निदान ५ सेंटिमीटर खोल भांड्यासाठी. सहा जणांना पुरतो.

फळासाठी:
- साफ केलेल्या अननसाचे तुकडे ७०० ग्रॅम (साधारण दीड किलोचा एक अननस)
- साखर ६० ग्रॅम
- कॉर्नफ्लोर १२ ग्रॅम, म्हणजे दीड मोठा चमचा
- किसलेलं आलं एक लहान चमचा
- जायफळ, किसणीवर चार-पाच वेळा घासून
- चिमूटभर मीठ

वरच्या थरासाठी:
- मैदा १२५ ग्रॅम
- जाडा रवा २५ ग्रॅम
- बिनमिठाचं लोणी ९० ग्रॅम, फ्रीजमधलं घट्ट
- साखर ७५ ग्रॅम
- काजू तुकडा ४० ग्रॅम
- मीठ पाव लहान चमचा

काजू अख्खे आणू नका. बाजारात तुकडा स्वस्त मिळतो आणि इथे तोच बरा. अख्ख्या काजूचे टोकदार भाग थराच्या वर येतात आणि आधी करपतात. रव्याने थराला दाताखाली येणारा खरपूसपणा येतो, तो नुसत्या मैद्याने येत नाही. पावसाळ्यात तर रवा वगळूच नका.

यात अंडं नाही, त्यामुळे शिवराक, म्हणजे शाकाहाराच्या, दिवशीही चालतो.

कॉर्नफ्लोर आणताना पाकीट वाचा. आपल्याला पांढरीशुभ्र, बोटांत चुरचुरणारी मक्याची सत्त्वपूड हवी. पिवळं मक्याचं पीठ ही वेगळी वस्तू. त्याने रस नीट घट्ट होत नाही, गढूळ मात्र होतो.

लोण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण अर्धी भानगड इथेच होते. पाकिटातलं पिवळं खारं बटर असेल तर चालेल, पण मग थरातलं मीठ पूर्ण वगळा. घरी ताक घुसळून काढलेलं पांढरं लोणी वापरायचं असेल तर त्यात पाणी आणि ताक बरंच अडकलेलं असतं. ते बर्फाच्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, हाताने दाबून पाणी काढा आणि रात्रभर फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या. तूप वापरू नका असं मी म्हणेन. मेमध्ये ते बरणीतच पातळ असतं आणि पातळ तुपात मैदा भिजला की थराचे गोळे बनत नाहीत, ओल्या वाळूसारखा सपाट थर होतो.

माडाचा गूळ घालायचा मोह होतो. जरूर घाला, पण फळात, साखरेतली २० ग्रॅम कमी करून, बारीक चिरून. थरात नको. तो मुळातच दमट असतो, हवेतली ओल आणखी ओढतो आणि थर कुरकुरीत व्हायचा तो चिवट होतो.

## टप्पा १: आदल्या रात्रीची तयारी

लोण्याचे एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करून ताटलीत सुटे मांडा आणि फ्रीजमध्ये ठेवा. मैदा, रवा आणि मीठ एकत्र चाळा. रव्याचे जाड दाणे चाळणीवर राहिले तर ते वरून टाका. हे कोरडं मिश्रण ज्या पातेल्यात थर कालवायचा त्या पातेल्यासकट फ्रीजमध्ये जाऊ द्या. पातेलं स्टीलचं असेल तर उत्तम, ते लवकर गार होतं. वर झाकण हवंच, नाहीतर मैद्याला फ्रीजमधल्या सुक्या बांगड्याचा वास लागेल आणि तो बेक करूनही जात नाही.

साखर वेगळी वजन करून ठेवा. ती मैद्यात आत्ता मिसळायची नाही. का ते पुढे येतं.

ओव्हनची जागा आत्ताच बघून घ्या. दीड हजार वॅटच्या आसपासचा ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) जाड पिनेच्या, १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावायचा. साध्या एक्स्टेन्शन वायरवर तो तासभर चालवणं म्हणजे वायर वितळवणं. आणि पहिल्या वळवाच्या दिवसांत संध्याकाळी वीज जाते, तेव्हा बेकिंग सकाळी उरका. अर्ध्यात वीज गेली तर थरातलं लोणी वितळून फळात उतरतं आणि पुन्हा तापवून तो थर सावरत नाही.

## टप्पा २: वरचा थर

सकाळी लवकर, पंखा बंद करून, गॅस पेटवण्याआधी. पंखा चालू असला तर मैदा उडतो हे खरं, पण त्याहून मोठं कारण असं की उन्हाळ्यात तो गार लोण्यावर सतत कोमट हवा सोडत असतो.

हात बर्फाच्या पाण्यात अर्धा मिनिट धरा आणि खडखडीत पुसा. ओला हात मैद्यात गेला की तिथेच कणीक तयार होते.

१. गार पातेल्यातल्या मैदा-रव्यावर लोण्याचे तुकडे टाका आणि आधी चमच्याने हलवून प्रत्येक तुकड्याला पीठ लावून घ्या.

२. आता फक्त बोटांची टोकं वापरायची. तळवा लागू द्यायचा नाही, तळवा गरम असतो. लोण्याचा तुकडा चिमटीत धरायचा, अंगठा पुढे सरकवत चपटा करायचा आणि सोडून द्यायचा. पातेल्याच्या तळातून वर उचलत, थोड्या उंचीवरून पीठ खाली सोडत राहिलं की ते गारही राहतं. पहिल्या मिनिटात लोण्याचे पातळ पापुद्रे दिसतात, मग पापुद्र्यांचे कण होतात, मग मैद्याचा पांढरा रंग जाऊन तो फिकट पिवळसर दिसू लागतो. तिथेच थांबायचं. अजून मटाराएवढे दोन-चार लोण्याचे तुकडे दिसत असतील तर ते तसेच राहू द्या, ते हवेच आहेत.

३. आता साखर आणि काजू तुकडा. साखर आधी घातली तर ती लोण्यातलं आणि हवेतलं पाणी ओढते आणि चोळता चोळताच मिश्रण पाघळतं. शेवटी घातली की दाणे सुटे राहतात.

४. आता मूठभर मिश्रण घेऊन एकदा घट्ट दाबा आणि ओबडधोबड मोडा. काबुली चण्याएवढे काही खडे, काही बारीक भुगा, असं मिळून हवं. सगळा भुगाच राहिला तर थर बेक होताना वाळूसारखा बसतो. सगळे मोठे खडेच झाले तर त्यांच्या आत पीठ कच्चं राहतं.

५. पसरट ताटात मोकळं पसरून फ्रीझरमध्ये, निदान अर्धा तास.

तपासा: मुठीत दाबलेला गोळा आकार धरतो का, आणि बोटाने टोचल्यावर लगेच फुटतो का? दोन्ही व्हायला हवं. दाबूनही जमत नसेल तर मैदा जास्त पडला आहे. एक लहान चमचा लोणी आणखी चोळा. बोट टोचल्यावर फुटण्याऐवजी खळगा पडत असेल तर लोणी वितळू लागलं आहे.

मिश्रण पूर्ण चिकट होऊन पातेल्याला लागलं तर वरून मैदा टाकत बसू नका. मैदा वाढवला की थर कोरडा, बेचव होतो. त्याऐवजी सगळं गोळा करून चपटी वडी थापा, कागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये पाऊण तास दगडासारखी होऊ द्या आणि मग मोठ्या भोकांच्या किसणीवर ताटात किसा. काजूचे तुकडे किसणीत अडकतात, ते हाताने काढून वर टाका. दिसायला थोडा वेगळा, पण खायला चांगला थर होतो.

मिक्सरच्या भांड्यात हे काम करता येतं का? येतं, पण पाती तापतात. तीन-चार वेळा क्षणभर फिरवायचं आणि बाहेर काढायचं. लक्ष जरा इकडेतिकडे झालं की भांड्यात बिस्किटाची कणीक.

## टप्पा ३: अननस निवडणं आणि चिरणं

वरचं पान उपटून बघण्याची पद्धत विसरा. पान सहज निघणं म्हणजे अननस पिकलेला, असं काही नाही. तळाशी वास घ्या. गोड, फळाचा वास आला तर घ्या. काहीच वास नसेल तर तो आत फिका असणार, आणि आंबूस, दारूसारखा वास आला तर तो उतरू लागला आहे. झाडावरून उतरवल्यानंतर अननसाचा रंग बदलतो, तो मऊही पडतो, पण गोडी वाढत नाही. त्यामुळे हिरवा आणून तांदळात ठेवण्यात अर्थ नाही.

कुळागरातला, माड-पोफळींच्या सावलीत वाढलेला अननस मिळाला तर तो बऱ्याचदा आकाराने लहान आणि चवीला आंबटगोड असतो. क्रम्बलला तोच चांगला. वरचा थर आणि साखर यांनी गोडी पुरेशी येते, तिला तोडायला आंबटपणा हवा. अगदी मधासारखा गोड अननस हाती आला तर त्याचं सासव (मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातला गोव्याचा पदार्थ) करा, इथे तो वाया जाईल.

चिरताना शेंडा आणि बूड कापून अननस उभा करा. साल वरून खाली, पातळ काढा. डोळे राहतील, राहू द्या. सगळे डोळे जातील इतकी जाड साल काढली तर निम्मं फळ सालीबरोबर जातं. डोळे तिरक्या ओळींत बसलेले असतात. त्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी सुरी तिरकी घालून लांबट चर काढला की एका वेळी चार-पाच डोळे निघतात. मग उभे चार भाग, मधला कडक दांडा काढून टाका आणि दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. दांडा क्रम्बलमध्ये घालू नका, बेक करूनही तो मऊ होत नाही. पाण्यात उकळून सरबताला वापरा.

तुकडे एकसारखे असू द्या. लहान-मोठे असले तर लहान विरघळतात आणि मोठे दाताखाली कच्चे लागतात.

## टप्पा ४: रस काढणं

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, आणि तळ्याची तक्रार करणाऱ्यांनी नेमका हाच गाळलेला असतो.

तुकड्यांना साखर (आणि घेतला असेल तर गूळ) आणि मीठ लावून चाळणीत ठेवा, खाली पातेलं. अर्ध्या तासात अर्धी ते पाऊण वाटी रस गळतो. मधे एकदा हलवा. तुकडे दाबू नका, पिळू नका. आपोआप गळेल तेवढंच पाणी काढायचं आहे.

तो रस फेकायचा नाही. निम्मी साखर आणि अर्धी चव त्यात गेलेली असते. लहान कढईत मध्यम आचेवर आटवा, तीन-चार मोठे चमचे उरेपर्यंत. बुडबुडे आधी पातळ आणि भराभर फुटतात, मग मोठे आणि संथ होतात. तेव्हा गॅस बंद. पूर्ण गार होऊ द्या. आलं आणि जायफळ आत्ता घाला.

रस आटेल तेवढ्यात ओव्हन लावून टाका, पुढच्या टप्प्यात सांगितल्याप्रमाणे.

फळ भांड्यात जायच्या अगदी आधी, सुट्या झालेल्या तुकड्यांवर कॉर्नफ्लोर भुरभुरवा, हलवा, मग गार झालेला आटीव रस ओता आणि पुन्हा हलवा.

दोन चुका इथे ठरलेल्या. एक म्हणजे कॉर्नफ्लोर गरम रसात टाकणं. त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या ओव्हनमध्येही फुटत नाहीत. दुसरी, कॉर्नफ्लोर घालून रस गॅसवर आधीच घट्ट शिजवून घेणं. अननस आंबट आहे. आंबट रसात कॉर्नफ्लोर फार वेळ उकळलं की त्याची घट्ट धरण्याची ताकद मोडते आणि घट्ट झालेला रस परत पातळ होतो. त्याला एकदाच, ओव्हनमध्ये, शिजू द्या.

तपासा: तुकडे चमच्याने उचलले तर त्यांना पातळ, दुधट लेप दिसला पाहिजे, आणि पातेल्याच्या तळाशी दोन चमच्यांपेक्षा जास्त रस नको. जास्त दिसला तर पुन्हा गाळून तेवढा बाजूला ठेवा, वाढताना वरून घालता येईल.

## टप्पा ५: ओव्हन तापवणं आणि भांडं भरणं

ओव्हन १९० अंशांवर, वरची आणि खालची दोन्ही कॉइल लावून, किमान १५ मिनिटं तापवा. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे तो तापला असं धरून चालू नका. आतली हवा तापलेली असते, भिंती नसतात, आणि दार उघडताच निम्मी उष्णता बाहेर येते. दिवा विझल्यावर आणखी पाच मिनिटं द्या. घरात ओव्हन थर्मामीटर असेल तर तो मधल्या जाळीवर ठेवून एकदा बघाच. घरगुती ओव्हनची चकती आणि आतलं खरं तापमान यांत १०-२० अंशांचा फरक नवलाचा नाही.

बेबिंक (गोव्याचा थरांचा गोड पदार्थ) करणाऱ्या घरांत ओटीजीला फक्त वरची कॉइल लावण्याची सवय असते, कारण बेबिंकेला वरून निखारे हवेत, थरावर थर चढतो तो वरूनच. क्रम्बलला हे चालणार नाही. इथे रस खालून उकळला पाहिजे, नाहीतर वर रंग येतो आणि आत कॉर्नफ्लोर कच्चं राहतं.

भांडं मधल्या जाळीवर. खाली रसाचे थेंब पडणार, ते कॉइलवर पडले की धूर होतो. म्हणून ओटीजीच्या तळाच्या ट्रेवर फॉइल घाला. जाळीवर किंवा कॉइलवर फॉइल लावू नका, हवा अडते.

काचेचं भांडं असेल तर ते फ्रीजमधून थेट ओव्हनमध्ये अजिबात नको. तडकतं. फ्रीझरमध्ये फक्त थर ठेवायचा, भांडं नाही.

भांड्याला लोण्याचा हात लावा. फळ भरा, भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही, कारण रस उकळून वर चढतो. आता फ्रीझरमधून थर काढा आणि वरून मोकळ्या हाताने सोडा. खडे वर, भुगा खाली. आणि दाबू नका! चमच्याच्या पाठीने सारखा करायची हौस बऱ्याच जणांना असते. दाबला की खालची वाफ कोंडते, ती थरात मुरते आणि बिस्किटाऐवजी शिजवलेलं पीठ मिळतं. कडेने बोटभर जागा मोकळी सोडा, वाफ तिथून निघेल आणि रस कसा उकळतो आहे तेही तिथूनच दिसेल.

भांडं भरल्यावर पाहुण्यांचा फोन आला तरी थांबायचं नाही. पाच मिनिटांत ते ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. तेवढा वेळ नसेल तर थर परत फ्रीझरमध्ये टाका आणि मग फोन घ्या.

## टप्पा ६: बेक करणं

एकूण ३५ ते ४५ मिनिटं. पहिली २० मिनिटं दार उघडायचं नाही, या वेळात थराचे खडे आकार धरतात. त्यानंतर एकदा भांडं फिरवा, पुढची बाजू मागे. लहान ओटीजी मागच्या बाजूने जास्त तापतात.

३० मिनिटांनंतर दोन ठिकाणी नजर हवी.

वर: सोनेरी बदामी रंग, काजूच्या कडा खरपूस. रंग लवकर आला तर वरची कॉइल बंद करा किंवा फॉइल नुसतं वर ठेवा, कडा दाबून बंद करू नका.

खाली: रस. आधी कडेला उकळी दिसते, पातळ, भराभर फुटणारी, पारदर्शक नसलेली. घाईत असणारे इथेच भांडं बाहेर काढतात. कडेला उकळणं म्हणजे फक्त कडा शिजल्या. थांबा. मग मध्यभागी, खड्यांच्या फटीतून, एखादा बुडबुडा वर येतो, क्षणभर फुगून थांबतो आणि जड होऊन फुटतो. फुटल्यावर तिथे चकचकीत डाग राहतो. कडेचा रसही आता दुधट राहिलेला नसतो, काचेसारखा स्वच्छ झालेला असतो. याचा अर्थ मधल्या रसाचं तापमान ९५ अंशांच्या आसपास पोचलं आणि कॉर्नफ्लोर शिजलं. इथून फक्त तीन-चार मिनिटं द्या आणि बाहेर काढा. फार वेळ उकळू दिलं तर मघाशी सांगितलं तसं आंबटपणामुळे रस पुन्हा सैल पडेल.

४५ मिनिटांनंतरही मध्यभाग शांतच असेल तर वरची कॉइल बंद करून फक्त खालच्या कॉइलवर दहा मिनिटं.

नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये क्रम्बल होत नाही, थर उकडला जातो. कन्व्हेक्शनची सोय असेल तर १८० अंश आणि बुटकी जाळी. पंख्याची हवा रंग लवकर आणते, म्हणून १० अंश कमी. गावात पदेराची (पाववाल्याची) भट्टी अजून चालू असेल आणि ओळख असेल तर पाव निघाल्यानंतरच्या उतरत्या उष्णतेत उत्तम होतो, पण भांडं पत्र्याचं किंवा स्टीलचं न्या, काचेचं नको.

## टप्पा ७: निववणं आणि वाढणं

बाहेर काढल्यावर जाळीवर ठेवा, ओट्यावर सपाट नाही. २५ ते ३० मिनिटं. गरम असताना रस पातळच दिसतो, निवताना घट्ट होतो. पहिल्या पाच मिनिटांत चमचा घालून "बिघडला" म्हणू नका. आणि झाकण ठेवू नका. माश्या असतील तर जाळीची टोपी घाला. झाकणाखाली वाफेचं पाणी जमून थरावर गळतं, आणि इतका वेळ सांभाळलेला कुरकुरीतपणा दहा मिनिटांत जातो.

वर व्हॅनिला आइस्क्रीम किंवा गार कस्टर्ड. कच्च्या अननसाबरोबर दूध कडू पडतं, कारण त्यातला ब्रोमेलेन नावाचा पाचक घटक दुधातली प्रथिनं तोडतो. पण बेक केलेल्या अननसात तो उष्णतेने निकामी झालेला असतो, त्यामुळे इथे भीती नाही. फक्त सजावटीला वरून कच्च्या अननसाचे काप लावू नका.

## दुसरं फळ घ्यायचं असेल तर

मानकुराद आंबा बेक केला की विरघळतो. घ्यायचाच तर थोडा कडक, अजून हाताला दाब देणारा घ्या, अडीच सेंटिमीटरचे मोठे तुकडे करा, साखर ३० ग्रॅमवर आणा, एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला. रस काढण्याचा टप्पा गाळा, तुकडे मोडतील. त्याऐवजी कॉर्नफ्लोर दोन मोठे चमचे. २०० अंशांवर २५-३० मिनिटं. मला विचाराल तर निम्मा अननस, निम्मा आंबा हे सगळ्यात चांगलं: अननस आकार धरतो आणि आंबा रसाला अंग देतो. अननसाचा रस वरच्याप्रमाणे काढायचा, आंबा अगदी शेवटी मिसळायचा.

मयड्याची (गोव्यातल्या मयडे गावची) केळी आकार छान धरतात. जाड चकत्या, लिंबाचा रस, साखर निम्मी. पाणी सुटत नाही म्हणून कॉर्नफ्लोर अर्धा चमचा पुरे. फणसात कापा चालतो, रसाळ अजिबात नको. चिकू गुळचट आणि रवाळ होतो, मी करत नाही. बोंडू (काजूचं फळ) तर विसराच. रस भरपूर आणि घशाला तुरट, साखरेने तो झाकला जात नाही.

सफरचंद सगळ्यात सोपं. पाणी थोडं, म्हणून रस काढायची गरज नाही. कॉर्नफ्लोर एक लहान चमचा, लिंबू, आणि बाकी सगळं वरीलप्रमाणे.

## पावसाळ्यात आणि उरलेला

जून ते सप्टेंबर मैदा आणि साखर दोन्ही ओलसर असतात. मैदा पसरट कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं फक्त कोमट करून, पूर्ण गार करून मग फ्रीजमध्ये टाका. रंग बदलू द्यायचा नाही. साखरेचे खडे झाले असतील तर लाटण्याने मोडा. पूड करू नका, पिठीसाखरेचा थर मऊ होतो.

उरलेला क्रम्बल पूर्ण निवल्यावर फ्रीजमध्ये, तीन दिवस. थर नरम पडणारच, त्याला इलाज नाही, पण परत आणता येतो: फ्रीजमधून काढून हवा तेवढा भाग पत्र्याच्या भांड्यात घ्या आणि १६० अंशांवर १० ते १२ मिनिटं. काचेचं भांडं असेल तर आधी खोलीच्या उष्णतेला येऊ द्या. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलात तर तो खीर समजून खा.

वरचा थर मात्र जास्त करून ठेवण्यात शहाणपण आहे. दुप्पट मापाने करा, खडे मोडून ताटात गोठवा आणि मग हवाबंद पिशवीत भरा. फ्रीझरमध्ये दोन महिने टिकतो. वापरताना वितळवायचा नाही, तसाच गोठलेला वरून सोडायचा आणि बेकिंगला चार-पाच मिनिटं जास्त द्यायची.